वाळवंटातील ठंडक, मुक्काम बालाघाट

१९ एप्रिल १९८८ हा दिवस मंगळवार होता आणि त्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. हे विधान कोणत्याही पंचांगावरून पडताळून पाहता येईल. यापुढील मजकुराची स्थिती इतकी सुखाची नाही. तो ज्यांच्या तोंडून मिळाला ती माणसे बहुतेक बाबतींत एकमेकांशी सहमत नाहीत आणि ज्या थोड्या बाबतींत सहमत आहेत त्या अधिकच संशयास्पद आहेत.

विषय दुलीचंद गभणे यांचा आहे. बालाघाट शहरात पुऱ्या घराची ठंडक बसवणारा पहिला माणूस, अशी आपली ओळख ते स्वतः करून देतात. त्यांच्याआधी कोणी बसवली नव्हती याला पुरावा नाही. त्यांच्यानंतर कोणी बसवली असेही आढळत नाही. त्यामुळे पहिलेपणाचा मान त्यांना देण्यास कोणाची हरकत नसावी.

गभणे मूळचे लांजीजवळच्या एका खेड्यातले. तरुणपणी गोंदियातील एका दुकानात ते पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या बनवीत. त्यांच्या कोठीत उंदीर शिरत नसे, असे त्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक आजही सांगते. पत्र्याची कड दुमडून दुसऱ्या कडेत अडकवण्याची ही कला पुढे त्यांना आखाती देशात घेऊन गेली. तिथे भर वाळवंटात एका तेल कंपनीची वसाहत उभी राहत होती. प्रत्येक घरात उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम हवा खेळवणारी एकच यंत्रणा बसणार होती. तिचे पत्र्याचे चौकोनी नळ छताच्या पोटातून खोल्याखोल्यांत न्यायचे काम गभण्यांच्या टोळीकडे होते. या नळांना डक्ट म्हणतात.

येथे एक तपशील नोंदवणे भाग आहे. दुलीचंद तो सांगतात, पण त्यावर फारसे थांबत नाहीत. वसाहतीतील ज्या घरांत त्यांनी डक्ट बसवले त्यांपैकी एकाही घरात त्यांनी माणूस राहताना पाहिला नव्हता. घर पुरे झाले की दारे बंद करून कामगारांना पुढच्या रांगेत हलवले जाई आणि राहणारी कुटुंबे त्यानंतर येत. घर म्हणजे ताज्या रंगाचा वास येणारी, स्वयंपाक, देव, पाहुणे आणि शेजारी यांपासून पूर्णपणे मुक्त असलेली एक बंद पोकळी, ही व्याख्या त्यांनी वाळवंटातून सोबत आणली.

१९८७ च्या हिवाळ्यात ते रजेवर परत आले तेव्हा त्यांची मुलगी दाराशी येऊन त्यांना पाहून आत गेली आणि आईला म्हणाली, "माय, पाहुणे आले." पत्नी अंजना यांनी हा प्रसंग हसून सांगितला. त्या वेळी त्या हसल्या नव्हत्या, हे शेजारणीकडून कळले.

"यंदा तुमी वापस गेलात," अंजनाबाईंनी नवऱ्याला बजावले, "तर पुढच्या खेपेले मीबी तुमाले पाहुणेच म्हणन. चहा देईन अन् विचारीन, किती दिवस मुक्काम?"

"इकडे काय काम हाय? कोठ्या बनवू?"

"काहून, कोठ्यात काय वाईट हाय?"

"वाळवंटात ठंडक बसवली म्या. आता उंदरासाठी काम करू?"

आखातात माणसे पाठवणाऱ्या नागपूरच्या एजंटला पावसाळ्याआधी होकार किंवा नकार कळवायचा होता. दरम्यान बालाघाटातच डक्टची कामे मिळू लागली तर जायचे नाही, नाहीतर जायचे, असा तह नवराबायकोत झाला. कामे मिळण्यासाठी एक घर करून दाखवणे आवश्यक होते. एकच घर, पण ते शहराने पाहिले पाहिजे.

असे घर गुणाकर नासरे यांनी देऊ केले. नासरे साहेब पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. पाणी उतारावरून खाली जाते, या एका तत्त्वावर त्यांची सारी नोकरी सुखरूप पार पडली होती. हवेच्या बाबतीत इतके आज्ञाधारक तत्त्व उपलब्ध नाही, याची कल्पना त्यांना तोवर कोणी दिली नव्हती. भोपाळच्या साडूने निजायच्या खोलीत एअर कंडिशनर बसवल्याची बातमी त्यांना लागली होती. एकाच खोलीचा गारवा त्यांना कोत्या मनाचा वाटला. आपल्या नव्या घरात पाच खोल्या आहेत आणि त्या पाचही समान गार झाल्या पाहिजेत, अशी त्यांची उदार भूमिका होती. शिवाय बालाघाटला डिसेंबरात शेकोटी लागते, तेव्हा हिवाळ्याचीही सोय याच नळांतून व्हावी, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत मंजूर करून टाकले.

आखातातील यंत्र आणणे शक्य नव्हते; आणले असते तर ते चालवण्याइतकी वीज शहरात टिकत नव्हती. म्हणून गच्चीवर एका खोलीएवढा कूलर बांधावा, त्याच्या जाळ्यांत लाकडाच्या भुश्शाऐवजी मुबलक मिळणारे तनस, म्हणजे भाताचा पेंढा, भरावे, त्यावर पाणी सोडावे आणि भिजलेल्या तनसातून आलेली गार हवा डक्टमधून खोल्यांत सोडावी, असे ठरले. हिवाळ्यात त्याच जागी भाताच्या कोंड्याची शेगडी ठेवायची. बाजारात अशा कूलरला डेझर्ट कूलर म्हणतात. चहूबाजूंनी भातखाचरे आणि सागाचे जंगल असलेल्या जिल्ह्यात या नावाने कोणाचीही झोप उडाली नाही.

पुढील संवाद नासरे साहेब आणि दुलीचंद दोघेही जवळपास सारखाच सांगतात. दोघांनाही त्याचा अभिमान आहे.

"दुलीचंद, ही हवा शेवटी जाते कुठे?"

"जात नाई साहेब. वापस येते. बैठकीतून दुसरा डक्ट तिले वढून परत वर नेते. तिकडे थेंबभर हवा बाहेर नाई जाऊ देत."

"आणि गेली तर?"

"तर काय, मोहल्ला ठंडा होईन. मोहल्ल्यानं काय आपल्याले मोटर दिली?"

"शाब्बास! हा खरा काटकसरीचा विचार."

खरे पाहता आखातातील यंत्र हवा कोरडी ठेवून गार करते. तिथे तीच हवा फिरवणे शहाणपणाचे असते. पाण्याच्या कूलरची हवा दमट असते. ती एका बाजूने आत आली की दुसऱ्या बाजूने बाहेर गेलीच पाहिजे. ही गोष्ट दहा खिडक्यांना कूलर लावलेल्या कोणत्याही लॉजच्या मॅनेजरने सांगितली असती. परंतु एका अभियंत्याला आणि एका विलायतरिटर्न कारागिराला लॉजच्या मॅनेजरला विचारावेसे वाटले नाही, यात अस्वाभाविक काही नाही.

डक्ट बसला. बैठकीच्या छताखालून गेलेल्या त्या लांबट पत्र्याला घरातील मंडळी अजगर म्हणू लागली. हवा परत ओढणारी मोठी जाळी बैठकीच्या भिंतीत, जमिनीलगत होती. तिच्यासमोर खुर्ची, टेबल, चपला काहीही ठेवायचे नाही, अशी दुलीचंदांची सक्त ताकीद होती. घराच्या मालकीणबाई आशालता नासरे रोज ती जागा पुसून लख्ख ठेवीत. सगळ्या घरात तेवढी एकच जागा मोकळी राहिली होती.

पहिले काही दिवस घर खरोखर गार झाले. नंतर ते फक्त ओले होऊ लागले. मीठ पाझरले, काडेपेटी पेटेना, पोह्याचे पापड हातात वाकू लागले आणि साहेबांचे सत्काराचे मानपत्र चौकटीत फुगले.

"अहो, गाद्यांना वास येऊन राहिला," आशालताबाई म्हणाल्या.

"तनस नवं आहे. गारवा स्थिरावतो आहे," साहेबांनी निर्णय दिला.

"गारवा स्थिरावतो आहे आणि माझे गुडघे आखडून राहिले. खिडकी उघडू काय जराशी?"

"बाई, खिडकी उघडली का मेहनत गेली समजा!" वरून, कूलरमध्ये डोके घातलेल्या दुलीचंदांचा आवाज डक्टमधून पाचही खोल्यांत एकाच वेळी आला. आशालताबाईंनी देवघरातील जाळीत साडीचा बोळा कोंबला तो त्याच दिवशी. हवेने समईची वात विझते हे कारण त्यांनी सांगितले. ते खरेही होते.

शहराला दाखवण्यासाठी अक्षय्य तृतीयेचा दिवस ठरला. साहेबांच्या मते मुहूर्त उत्तम होता. दुलीचंदांच्या दृष्टीने त्या दिवशी तालेवार लोक मोकळे सापडणार होते. राईस मिलचे मालक प्रेमलालजी, एक डॉक्टर आणि एक बांधकाम कंत्राटदार यांना बोलावणे गेले. तिघांपैकी दोघांनी जरी काम दिले असते तरी नागपूरला नकार गेला असता. अंजनाबाईही मुलीला घेऊन नासऱ्यांकडे आल्या, स्वयंपाकात मदतीला म्हणून. निकाल आपल्या कानांनी ऐकायचा होता, हे त्यांनी नंतर मान्य केले.

आता या भागात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना जेवू घालतात. गोवरीच्या निखाऱ्यांवर तूप, राळ आणि पानातील प्रत्येक पदार्थाचा घास टाकायचा. याला आगारी म्हणतात. ती दाराशी, उंबऱ्याच्या आत, दार उघडे ठेवून करायची असते. पितर त्या वाटेने आत येतात.

"दार बंदच राहीन," दुलीचंद म्हणाले. "पाहुणे ठंडक पाहाले येऊन राह्यले."

"आणि आमचे सासरे?" आशालताबाईंनी विचारले. "ते दाराबाहेर उन्हात उभे राहतील काय? वर्षातून एकदा येतात बिचारे."

"त्याइले खिडकीतून..."

"खिडकीही तुम्हीच बंद केली आहे."

साहेबांनी तोडगा काढला. पितर सूक्ष्म देहाने येतात, त्यांना दाराची गरज नसते, सबब दार बंद ठेवून आगारी घरात कोठेही स्वच्छ, मोकळ्या जागी करावी. आशालताबाईंनी घरभर नजर फिरवली. स्वच्छ आणि मोकळी अशी जागा एकच होती, आणि ती मोकळी कशासाठी ठेवली आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. फक्त काही ठेवू नका एवढेच सांगितले होते. निखाऱ्यांचे घमेले त्यांनी मोठ्या जाळीसमोर मांडले.

त्या वेळी दुलीचंद गच्चीवर होते. पाहुणे कोचावर होते. साहेब उभे राहून वाळवंट या विषयावर बोलत होते. आशालताबाईंनी निखाऱ्यांवर तूप सोडले आणि परसवाड्याच्या बाजारातून आणलेल्या राळेची मूठ टाकली.

धूर वर गेला नाही. तो आडवा झाला, जमिनीला समांतर गेला आणि जाळीत शिरला. प्रेमलालजींना ते पाहून फार कौतुक वाटले. पितरांनी नैवेद्य घेतल्याची इतकी स्पष्ट खूण त्यांनी कधी पाहिली नव्हती, आणि ते हात जोडून उभे राहिले. आशालताबाईंनाही गहिवरून आले आणि त्यांनी राळेची दुसरी मूठ टाकली. तोवर पहिली मूठ गच्चीवरून फिरून, ओल्या तनसाचा वास सोबत घेऊन, पाचही खोल्यांत एकाच दाबाने परतली होती. साहेबांना अभिप्रेत असलेली समता त्या क्षणी प्रथमच पूर्णपणे साध्य झाली. सुटले ते फक्त देवघर. तिथे साडीचा बोळा होता.

"दार उघडा! अरे दार!" कंत्राटदार ओरडले.

"दार नका उघडू, ठंडक जाईन!" वरून डक्टमधून आवाज आला, आणि त्यापाठोपाठ त्याच डक्टमधून दीर्घ खोकला.

दार अंजनाबाईंनी उघडले. डॉक्टर प्रथम बाहेर पडले, नंतर कंत्राटदार. साहेब शेवटी आले. पाहुण्यांआधी बाहेर पडणे त्यांना योग्य वाटले नाही, अशी त्यांची नोंद आहे. आशालताबाईंच्या मते त्यांना दार सापडत नव्हते. कंत्राटदार डोळे पुसत निघून गेले. डॉक्टरांनी जाताना खोकल्याचे औषध सुचवले. अंगणात दुलीचंद खाली उतरून आले तेव्हा मुलगी आईला म्हणाली, "माय, बाबा काळे झाले." पाहुण्यावरून बाबांवर झालेल्या या बढतीकडे त्या गडबडीत कोणाचेच लक्ष गेले नाही.

"झालं," दुलीचंद बायकोला म्हणाले. "नागपूरले हौ म्हणून कळवतो."

 अंजनाबाईंनी पदराने नवऱ्याचे तोंड पुसायला घेतले आणि मग अर्ध्यातच सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमलालजी गभण्यांच्या घरी आले. राईस मिलचा मालक स्वतः चालत येतो हे त्या गल्लीने पूर्वी पाहिले नव्हते.

"दुलीचंदभाऊ, ते ठंडक-फंडक राहू द्या. काल जे निघालं ना, ते माह्या घरी बसवून द्या."

"काल काय निघालं?"

"धूर."

"तो फॉल्ट होता शेठजी!"

"मंग फॉल्टच बसवा. संध्याकाळी मी मुद्दाम नासरे साहेबाकडे परत गेलतो. पाची खोल्यांत मच्छर नाई. एक नाई! फक्त देवघरात होते, सारे तिथं जमा झालते. माह्या घरी सालभरात दोन जण मलेरियानं झोपते. तुमचा नळ लावा, खाली राळ अन् कडुलिंबाचा पाला जाळू, बस."

"मी धूर बसवत नाई," दुलीचंद म्हणाले. "मी इंटरनॅशनल काम केलेला माणूस हाव."

"हौ ना. मंग इंटरनॅशनल धूर बसवा."

प्रेमलालजी चहा पिऊन गेले. नंतरचा संवाद अंजनाबाईंनी सांगितला. दुलीचंद त्या वेळी शेजारी बसून होते आणि त्यांनी तो नाकारला नाही.

"काहून तोंड पाडून बसले?"

"लोकं हासतीन. मच्छरवाला म्हणतीन."

"म्हणू द्या. तिकडे वाळूत तुमी ठंडक घालता अन् इकडे आमी रातभर सुपानं वारा घेतो. कोणाच्या घरी ठंडक बसवली ते एकाचंबी नाव सांगा."

दुलीचंद शेठजींची रिकामी कपबशी इकडून तिकडे सरकवू लागले.

"धुरानं नवरा घरी राहत असन, तर मले धूर चालते," अंजनाबाई म्हणाल्या. "डोळे चुरचुरतीन, तेवढंच ना?"

प्रेमलालजींच्या घराचे काम मेअखेरीस झाले. त्याआधी दुलीचंद एक अख्खा दिवस त्या घराच्या ओसरीवर नुसते बसून राहिले. कोण कुठे झोपते, म्हातारी कोणत्या दाराने ये-जा करते, पाळणा कुठे बांधतात, जेवणे कधी होतात, हे ते पाहत होते. प्रेमलालजींच्या घरच्यांना हा वेळेचा अपव्यय वाटला. पाळण्याच्या खोलीत दुलीचंदांनी जाळी ठेवली नाही आणि दारांना हात लावला नाही. यंत्रणा लागू पडली. घरातील लग्नाचे शालू अद्याप राळेचा वास देतात, ही तक्रार सुनेची आहे, आणि ती कोणी विचारात घेतलेली नाही.

त्यानंतर वारासिवनीच्या एका व्यापाऱ्याने काम दिले, मग परसवाड्याच्या एका वखारवाल्याने, मग आणखी काहींनी. मच्छरवाला हे नाव अपेक्षेप्रमाणे पडले. दुलीचंदांनी काली पुतळी चौकाजवळ दुकान टाकले. पाटीवर "संपूर्ण घराची ठंडक व गरमी" असे शब्द आहेत. धुराचा उल्लेख नाही. आजवर एकाही गिऱ्हाइकाने पाटीवरील माल मागितलेला नाही.

नासरे साहेबांचा अजगर अजून जागेवर आहे. प्रयोग यशस्वी झाला परंतु उपयोजन निराळ्या दिशेने गेले, असे ते म्हणतात. कूलरमधील तनस चिमण्यांनी नेले. हिवाळ्याची सोय तपासली गेलीच नाही, कारण त्या नळाजवळ पुन्हा निखारा दिसला तर मी माहेरी जाईन, असे आशालताबाईंनी सांगून ठेवले आहे. त्यांचे माहेर गोंदियाला, म्हणजे फार दूर नाही, तरीही साहेबांनी धोका पत्करला नाही.

हे लिहिताना १९८९ सालचा पावसाळा सरत आला आहे आणि दुलीचंद गभणे बालाघाटातच आहेत. ते का राहिले, हा प्रश्न वरवर पाहता सुटल्यासारखा दिसतो. तसा तो सुटलेला नाही. मे १९८८ मध्ये, प्रेमलालजींचे काम सुरू होण्याआधी, दुलीचंद एका दिवसासाठी नागपूरला गेले होते. अंजनाबाई म्हणतात की एजंटला नाही सांगायला गेले. प्रेमलालजींनी कुठून तरी ऐकले आहे की त्या सुमारास एजंटने दुकान गुंडाळले होते आणि दाराला कुलूप होते. दुलीचंदांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "पत्रा आनाले गेलतो." पत्रा खरोखर आला होता.

अंजनाबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या दिवशी पेटीत पासपोर्ट नव्हता. संध्याकाळी नवरा परतल्यावर तो पुन्हा पेटीत होता.

दुलीचंद त्या दिवशी हो म्हणायला गेले होते, नाही म्हणायला, की पत्र्यासाठी, हे माहीत नाही. एजंटचे दार उघडे होते की बंद, हे माहीत नाही. उघडे असते तर आज ते कुठे असते, हेही माहीत नाही. तुम्ही त्यांना हे कधी विचारले का, असे विचारल्यावर अंजनाबाई चहा ठेवायला उठल्या.